वैमानिक घडवायचे कोणी?

छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापूरनजीक उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभारला आणि जानेवारी १९३९ मध्ये तेथून विमानसेवा सुरू झाली. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले होते ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. म्हणजे या देशातील नागरी विमान वाहतूक जेमतेम सहा-सात वर्षांची असताना दख्खनमधील एका संस्थानाच्या राजधानीला आकाशमार्गाचे महत्त्व उमगले होते. ही द्रष्टी दृष्टी पुढे टिकली असे म्हणवत नाही. कधी धावपट्टी अपुरी, कधी प्रवासी अपुरे, कधी कंपनीच दिवाळखोर. सेवा सुरू व्हायची, सत्कार व्हायचे आणि काही महिन्यांत विमानतळावर पुन्हा सामसूम व्हायची. २०१७ मध्ये ‘उडान’ योजना आली, धावपट्टी लांबली, गडमुडशिंगीसारख्या गावांच्या जमिनी त्यासाठी गेल्या आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे लोकार्पण झाले. या खटपटीचे श्रेय ज्यांचे त्यांना द्यावेच लागेल.

परंतु या साऱ्या काळात कोल्हापूरने, आणि कोल्हापूरच कशाला, साऱ्या महाराष्ट्राने विमानाचा विचार केवळ प्रवासी म्हणून केला. तिरुपतीला किती वाजता पोहोचू, मुंबईचे तिकीट केवढ्याला पडेल, हे प्रश्न आपण तावातावाने विचारले. ते विमान चालवणार कोण, त्याला घडवणार कोण आणि त्या घडणीचा खर्च उचलणार कोण, हा प्रश्न मात्र आपल्या सार्वजनिक चर्चेत कधी आलाच नाही. तो ज्याच्या घरात मुलगा किंवा मुलगी वैमानिक होऊ इच्छिते, त्या घरापुरताच राहिला.

आज त्या घरात काय घडते ते पाहू. बारावीचे निकाल लागले की निळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर पांढरा गणवेश आणि खांद्यावर सोनेरी पट्टे असलेल्या तरुणाच्या जाहिराती झळकू लागतात. देशाला हजारो वैमानिक हवे आहेत, असे त्या सांगतात. हे असत्य नाही. इंडिगोने जून २०२३ मध्ये एअरबसकडे एकरकमी ५०० विमाने मागवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली होती. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी २०२५ मध्ये सांगितले की, देशात सहा ते सात हजार वैमानिक कार्यरत असून मागवलेली विमाने येतील तसतशी ही गरज तीस हजारांवर जाईल. जगातील कोणत्याही राष्ट्राला हेवा वाटावा असा हा विस्तार आहे. त्याचा अभिमान बाळगण्यात काहीही गैर नाही.

तथापि जाहिरातीत न छापलेला हिशेब वेगळा असतो. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण, हवाई मार्गदर्शन, हवामानशास्त्र, विमान नियम, तांत्रिक विषय अशा परीक्षा आणि रेडिओ संभाषणाचा स्वतंत्र परवाना लागतो. याला साधारणपणे पन्नास लाखांच्या आसपास खर्च येतो. परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट विमानाचे ‘टाईप रेटिंग’ करावे लागते. त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. कंपन्यांच्या ‘कॅडेट’ योजनेतून जावे तर एकूण आकडा कोटीच्या घरात पोहोचतो. शैक्षणिक कर्ज विनातारण मिळते ते साडेसात लाखांपर्यंत. उरलेल्यासाठी तारण लागते. आमच्या जिल्ह्यात तारण म्हणजे उसाची जमीन किंवा राहते घर. सातबाऱ्यावर बोजा चढतो, आईचे दागिने बँकेत जातात, मामा-काका जामीन राहतात, पतसंस्थेकडून वरची रक्कम उचलली जाते. एका मुलाच्या खांद्यावर पट्टे चढावेत म्हणून अख्खे कुटुंब कर्जदार होते.

पूर्वी असे नव्हते. इंडियन एअरलाईन्स आणि एअर इंडिया या सरकारी कंपन्या होत्या, त्यांच्या कारभारात दोष अनेक होते, अंतिमतः २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत द्यावी लागली ती उगीच नव्हे. पण त्या काळी निवडलेल्या वैमानिकाला विमानविशेषाचे प्रशिक्षण देणे हे कंपनीचे काम मानले जाई. हैदराबादचे इंडियन एअरलाईन्सचे प्रशिक्षण केंद्र त्यासाठीच होते. सौदामिनी देशमुख यांच्यासारखी मराठी मुलगी त्या व्यवस्थेतून पुढे आली आणि १९८५ मध्ये कोलकाता-सिलचर मार्गावर संपूर्ण महिला चमूच्या पहिल्या उड्डाणाची कॅप्टन झाली. आज भारतातील वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के मानले जाते. जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास आहे. स्त्रीस्वातंत्र्याचे धडे आपल्याला देऊ पाहणाऱ्या पाश्चात्त्य देशांनी हा आकडा जरूर पाहावा.

आर्थिक उदारीकरणानंतर आकाश खुले झाले, हे आवश्यकच होते. अन्यथा सामान्य माणूस विमानात बसलाच नसता. पण खासगी कंपन्यांनी तिकीट स्वस्त करण्याच्या स्पर्धेत ज्या खर्चांचे ओझे खाली उतरवले, त्यांत प्रशिक्षणाचा खर्च अग्रभागी होता. तो नाहीसा झाला नाही. कंपनीच्या ताळेबंदातून निघून तो वैमानिकाच्या घरात जाऊन बसला. स्वस्त तिकिटाचा एक हिस्सा इचलकरंजी किंवा गडहिंग्लजचा कुणी शेतकरी बाप भरत असतो, हे आपण खिडकीजवळच्या आसनावर बसताना ध्यानात घेत नाही.

आणि ज्या कंपनीच्या भरवशावर कर्ज काढायचे, तिचा भरवसा तरी किती? किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. पाव शतक उडणारी जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येक वेळी पगार थकलेले वैमानिक रस्त्यावर आले. अनुभवी कॅप्टनला दुसरीकडे जागा मिळते. चारशे-पाचशे तासांच्या सहवैमानिकाला कोण विचारतो? कर्जाचा हप्ता मात्र कंपनी बुडाली म्हणून थांबत नाही. त्यातच करोनाच्या काळात वर्ष-दोन वर्षे उड्डाणेच थंडावली. परवान्यांची वार्षिक संख्या पाहिली तरी ही चढउतार दिसते: २०२० मध्ये ५७८ व्यावसायिक परवाने दिले गेले, २०२३ मध्ये विक्रमी १६२२, तर २०२४ मध्ये १३४२. पुढल्या वर्षीचा अंदाज बांधून आज जमीन गहाण टाकणे, हा सट्टाच आहे.

कोणी म्हणेल, वैद्यकीय शिक्षणही महाग आहे, तेथेही पालक कर्ज काढतातच. वैमानिकाचे वेगळे कौतुक कशाला? फरक आहे. डॉक्टर एका रुग्णालयातून निघाला तर गावात दवाखाना थाटू शकतो. वैमानिकाला स्वतःचे विमान नसते. कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर स्वतः विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्यासारखा जिद्दी माणूस एखादाच. आणि त्यांनाही उड्डाणाच्या परवानगीसाठी २०१९ पर्यंत सरकारी दारे ठोठवावी लागली. बाकीच्यांना कंपनीची चाकरी हाच मार्ग. तीही सहज सुटत नाही. २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाने सहा महिने आणि कॅप्टनने एक वर्ष आधी राजीनाम्याची सूचना द्यावी लागते. शिवाय प्रशिक्षणाचे करारनामे असतात. म्हणजे आधी कर्जाने बांधलेला आणि नंतर कराराने बांधलेला, असा हा तरुण विमानाच्या उजव्या आसनावर बसतो.

आता मुद्दा केवळ त्या कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा राहत नाही, तो आपल्या सर्वांच्या जिवाचा होतो. विमान सुरक्षिततेचा पाया असा की, कॉकपिटमधील दोघांपैकी कोणालाही ‘हे बरोबर नाही’ असे म्हणता आले पाहिजे, आणि दोघांपैकी कोणालाही ‘मी थकलो आहे, आज उडणार नाही’ असे निर्भयपणे सांगता आले पाहिजे. ज्याच्या डोक्यावर पाऊण कोटीचे कर्ज आहे आणि ज्याची नोकरी कालपरवाची आहे, त्याच्याकडून या निर्भयतेची अपेक्षा करणे कितपत न्याय्य?

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीवरून पुढे घसरून कोसळले. वैमानिकांसह एकवीस जणांचा मृत्यू झाला. विमानाचे कॅप्टन दीपक साठे हे आपल्या नागपूरचे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले, वायुदलात नाव कमावलेले. चौकशी अहवालाने निर्विवादपणे म्हटले की प्रमाणित कार्यपद्धतीचे पालन झाले नाही आणि विमान धावपट्टीवर बरेच पुढे टेकले. हे निष्कर्ष झाकण्याचे कारण नाही. चौकशी ही श्रद्धांजली नसते. पण त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांची चर्चा वृत्तपत्रांनी फारशी केली नाही. एक, दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनच्या नावे लागले होते आणि त्या तळावर कॅप्टनांची चणचण होती. त्यामुळे रात्रीच परतण्याचा दबाव मनावर असू शकेल. दोन, सहवैमानिकाने अखेरच्या क्षणी ‘पुन्हा वर घ्या’ असे म्हटले होते. मात्र त्याने नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. ज्येष्ठतेचा धाक, कंपनीचे वेळापत्रक आणि मनुष्यबळाची टंचाई या तिन्ही गोष्टी धावपट्टीवर उतरताना विमानातच होत्या. एकट्या माणसावर दोष ठेवून फाईल मिटवणे सोपे असते.

अमेरिकेने हा धडा फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळच्या अपघातातून घेतला. छोट्या मार्गावरील त्या विमानाची तरुण सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून कामावर आली होती, आणि तिचा पगारही तुटपुंजा होता. त्यानंतर तेथे प्रवासी विमानाच्या सहवैमानिकासाठी साधारण दीड हजार तासांच्या अनुभवाची अट आली आणि विश्रांतीचे नियम कडक झाले. ती अट जशीच्या तशी आपल्याकडे आणावी असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे दीड हजार तास उडायला छोटी विमाने आहेत कोठे? पण थकव्याला त्यांनी व्यक्तीचा दुबळेपणा न मानता व्यवस्थेचा दोष मानले, एवढे मात्र शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचे उड्डाण घेण्यास निघालेला एक वैमानिक प्रवेशद्वारापाशीच कोसळला आणि मृत्यू पावला. त्याला नियमानुसार विश्रांती मिळालेली होती, त्यामुळे त्या मृत्यूचे कारण थकवाच असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्या घटनेने वैमानिकांच्या कामाच्या तासांचा विषय ऐरणीवर आणला. जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले: साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आणि रात्रीच्या वेळी उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर. कंपन्यांनी विरोध केला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत हे नियम लागू झाले.

पुढे काय झाले ते सर्वांनी पाहिले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची घडी विस्कटली. एका दिवसात हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नाला निघालेली वऱ्हाडे, शस्त्रक्रियेसाठी निघालेले रुग्ण, मुलाखतीला निघालेले तरुण विमानतळांच्या फरशीवर बसून राहिले. कंपनीला जवळजवळ दोन वर्षे आधी नियम ठाऊक होते. तरी पुरेसे वैमानिक तिने सज्ज ठेवले नव्हते. आणि शासनाला काय करावे लागले? त्याच कंपनीला नव्या नियमांतील काही अटींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून मोठा हिस्सा एकाच कंपनीच्या हाती गेला की नियम कोण कोणाला लावतो, याचे ते प्रात्यक्षिक होते. ज्या विश्रांतीसाठी वैमानिक न्यायालयात गेले, ती वैमानिकांच्याच तुटवड्यामुळे पुढे ढकलली गेली! हा तुटवडा आकाशातून पडला नाही. घडवण्याची जबाबदारी कोणाचीच नसली की तुटवडाच निर्माण होतो.

या प्रश्नावर एक उत्तर हल्ली विदेशांतून ऐकू येते: वैमानिकच कमी करा. एकेकाळी बोइंग ७०७ मध्ये वैमानिकांबरोबर उड्डाण अभियंताही असे. संगणकाने त्याची जागा घेतली. आता लांबच्या प्रवासात काही काळ एकच वैमानिक ठेवावा, असा विचार विमान बनवणारे मांडत आहेत. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२५ मध्येच स्पष्ट केले की आजच्या व्यवस्थेइतकी सुरक्षितता त्यातून मिळेल असे म्हणता येत नाही. यंत्राने माणसाला साहाय्य करावे. तरुणांची वाण नसलेल्या आपल्या देशाने तरी माणूस वजा करण्याची घाई करू नये.

मग कोल्हापूरने काय करावे? उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. शिक्षण मोफत असले तरी शहरात राहण्याचा खर्च झेपत नाही म्हणून खेड्यातील बुद्धिमान मुलगा मागे राहतो, हे त्यांनी ओळखले होते. नेमका जेथे मुलगा अडतो, तेथे त्यांनी हात दिला. आज तो अडतो तारणापाशी. जिल्ह्यातील सहकारी बँका आणि साखर कारखाने यांनी मनात आणले तर वर्षाला दहा-वीस गुणवंत मुलामुलींसाठी हमी निधी उभारणे त्यांना अशक्य नाही. एखाद्या निवडणुकीतील खर्चाशी तुलना करण्याचा मोह मी आवरतो.

शासनानेही काही पावले टाकली आहेत. ‘महाज्योती’ संस्थेने नागपूर फ्लाईंग क्लबमार्फत इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शासकीय खर्चाने वैमानिक प्रशिक्षण देण्याची योजना आखली. दिशा योग्य, पण संख्या अवघी वीस-एक. गोंदियाच्या बिरसी येथे प्रशिक्षण संस्था आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने जळगाव आणि आपल्या शेजारच्या बेळगावसह पाच ठिकाणी उड्डाण प्रशिक्षणासाठी जागा दिल्या. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची योजना जाहीर केली. कंपनीने स्वतःची शाळा काढणे हे जर्मनीच्या लुफ्तान्साने ब्रेमेनमध्ये १९५६ पासून केले, आपल्याकडे ते आता सुचते आहे. सुचले हे बरे झाले. मात्र त्या शाळेचे शुल्क पुन्हा बापाच्या सातबाऱ्यावरच येणार असेल, तर शाळा देशी आणि व्यवस्था तीच, असे होईल. कंपनीने खर्च आधी करावा आणि नोकरी लागल्यावर पगारातून बेताबेताने वळता करून घ्यावा; कंपनी बुडाली तर ते देणेही तिच्याबरोबर बुडावे. जोखीम ज्याच्या निर्णयांमुळे निर्माण होते, त्याने ती वाहावी.

दख्खनच्या पठारावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत आकाश बहुधा निरभ्र असते. तरी आपली मुले तास भरण्यासाठी दक्षिण आफ्रिका, अमेरिका, न्यूझीलंड गाठतात, आणि परकीय चलनात शुल्क भरून परततात. मग परवाना इथल्या नियमांत बसवण्यासाठी पुन्हा परीक्षा. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर दिवसभरात प्रवासी विमाने मोजकीच उतरतात. उरलेल्या वेळात तेथून शिकाऊ विमाने का उडू नयेत, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारला गेला पाहिजे. नव्या मार्गाच्या उद्घाटनाला ते हजर असतातच, तेथे गाठावे.

हे सर्व घडेपर्यंत ज्या घरात यंदा हा विषय निघेल, त्या पालकांना दोन शब्द सांगणे कर्तव्य आहे. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी मुलाची महासंचालनालयाच्या नियमांनुसार प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी पार पडली पाहिजे; डोळ्यांचा किंवा कानांचा लहानसा दोष लाखो रुपये खर्चून झाल्यावर कळलेली घरे आहेत. संस्थेकडे उडण्याजोगी विमाने किती, प्रशिक्षक किती आणि गेल्या वर्षीच्या तुकडीचे दोनशे तास प्रत्यक्षात किती महिन्यांत भरले, हे तेथील आजी विद्यार्थ्यांना भेटून विचारावे, कार्यालयातील गोड बोलणाऱ्या माणसाला नव्हे. सर्व परीक्षांची पुस्तके आधी आणून मुलाला सहा महिने घरी अभ्यासाला बसवावे. त्यातील निम्म्या परीक्षा तो घरबसल्या उत्तीर्ण झाला, तर तलाठ्याकडे जाण्याचा विचार करावा.